टॅनग्राम आणलाय, पण त्यातून गणित कसं काढायचं? तयारीपासून वहीपर्यंतच्या पायऱ्या

माझ्याकडे संध्याकाळी शिकवणीला बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातली पोरं येतात, पहिली ते चौथी, निम्मी मराठी शाळेतली आणि निम्मी इंग्लिश मीडियमची. हल्ली जवळपास प्रत्येकाच्या घरी पझलचा एखादा डबा असतोच, आणि दर महिन्याला कुणीतरी आई दारात थांबून म्हणतेच, "टीचर, आणून दिलंय की ओ, पण गणितात काय फरक दिसंना." मग मी विचारते घरी नेमकं काय करता, तर गोष्ट बहुतेक एकच निघते. पहिल्या दिवशी बाबांनी पुस्तकातलं चित्र बघून पाच मिनिटांत बदक करून दाखवलं, पोराने एकदा करून बघितलं, जमलं नाही, रडलं, आणि डबा कपाटावर गेला.

मधल्या सगळ्या पायऱ्या गाळल्या जातात, घोळ तिथे होतो. म्हणून इथे क्रमाने लिहिते, आधी तयारी, मग टप्पे. मुख्य उदाहरण टॅनग्रामचं घेतलंय, म्हणजे एका चौरसाचे सात तुकडे करून त्यातून चित्रं जुळवायचं पझल, कारण तो घरी पुठ्ठ्यातून बनतो आणि त्याच सात तुकड्यांवर पहिलीपासून पाचवीपर्यंतचं काम होतं.

सुरुवातीलाच सांगते, पझलने पाढे पाठ होत नाहीत, हातच्याची बेरीज येत नाही, त्याला वेगळा सराव लागतोच. पझलने काय येतं तर आकार मनात फिरवून बघणं, भाग आणि पूर्ण यांचा संबंध, लांबीची तुलना, आणि अडकल्यावर दुसरा रस्ता शोधायची सवय. शिकागो विद्यापीठातल्या सुझन लिव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक अभ्यास छापला होता, ५३ मुलांच्या घरी जाऊन ती दोन ते चार वर्षांची असताना काय खेळतात ते बघितलं, आणि जी मुलं पझल खेळताना दिसली ती साडेचार वर्षांची झाल्यावर आकार मनात फिरवायच्या चाचणीत पुढे निघाली. पण हा फक्त संबंध आहे, पझलमुळेच ती पुढे गेली असं त्यातून सिद्ध होत नाही. त्यामुळे "डबा आणला की गणित येतं" असं कुणी विकायला लागलं तर ऐकू नका.

## तयारी १: वयाप्रमाणे निवड

दोन-तीन वर्षांच्या पोराला खुंटी लावलेला लाकडी बोर्ड द्या, चार ते सहा तुकड्यांचा, ज्यात गोल गोलाच्याच खड्ड्यात बसतो. तीन-चार वर्षांना बारा ते चोवीस तुकड्यांचा जिगसॉ, म्हणजे तुकडे जोडून चित्र पुरं करायचं पझल. टॅनग्राम साधारण पाचच्या पुढे. चाली मोजायची पझलं सातच्या पुढे, ती शेवटच्या टप्प्यात येतील.

वय हा फक्त अंदाज आहे, खरी परीक्षा वेगळी. पोर दोन-तीन ठिकाणी अडकतंय पण दहा-पंधरा मिनिटांत पुढे सरकतंय, म्हणजे पझल बरोबर. दोन मिनिटांत संपलं तर सोपं, आणि पाच मिनिटं एकही तुकडा बसला नाही तर अवघड, ते सरळ दोन महिन्यांसाठी बाजूला ठेवा.

सावधान: तीनच्या आतल्या पोराच्या हातात लहान तुकडे नकोत, घशात अडकतात. छोटे सुटे मॅग्नेट असलेलं पझल लहान भावंड असलेल्या घरात आणूच नका, दोन मॅग्नेट पोटात गेले तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना चिकटतात आणि प्रकरण ऑपरेशनपर्यंत जातं. दुकानात डब्यावर आयएसआय मार्क बघा, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे.

## तयारी २: घरी टॅनग्राम कापणे

मी एकदा बाजारातून प्लॅस्टिकचा सेट घेतला, दिसायला छान, रंगीत. घरी येऊन दोन लहान त्रिकोण जोडून चौकोनावर ठेवले तर चक्क दोन मिलिमीटर बाहेर. पोराने बरोबर जोडलं तरी ते चुकल्यासारखं दिसणार, मग ते स्वतःवरच शंका घेणार. तेव्हापासून मी पुठ्ठ्याचाच बनवते.

पुठ्ठा जाड पण कात्रीने कापला जाईल असा घ्या, लग्नपत्रिकेचा कडक कागद दोन थर चिकटवून उत्तम होतो. दोन्ही बाजू एकाच रंगाच्या हव्यात. हे का, ते तिसऱ्या टप्प्यात कळेल, पण आत्ताच पाळा.

१. १६ सेंमीचा चौरस आखा. त्यात पेन्सिलीने ४ सेंमीच्या चौकटी पाडा, आडव्या चार, उभ्या चार, म्हणजे एकूण १६ चौकटी.
२. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ मारा. ही लांब रेघ.
३. खालच्या बाजूचा मधला बिंदू आणि उजव्या बाजूचा मधला बिंदू जोडा. उजव्या खालच्या कोपऱ्यात एक त्रिकोण तयार होईल.
४. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून रेघ सुरू करा, चौरसाच्या मध्यातून पुढे न्या आणि पायरी ३ च्या रेघेला टेकली की थांबा.
५. लांब रेघेवर डावीकडून पहिली चौकट संपते त्या बिंदूपासून, पायरी ४ ची रेघ जिथे थांबली तिथपर्यंत आडवी रेघ मारा. ही पेन्सिलीच्या चौकटीवरूनच जाते.
६. लांब रेघेवरच तिसरी चौकट संपते त्या बिंदूपासून उजव्या बाजूच्या मध्यबिंदूपर्यंत तिरकी रेघ मारा. आता कापा.

इथली नेहमीची चूक म्हणजे चौथ्या पायरीत रेघ थेट कोपऱ्यापर्यंत ओढणे. मग मधला त्रिकोण दुभंगतो आणि तुकडे आठ होतात.

तपासणी: तुकडे सात, म्हणजे दोन मोठे त्रिकोण, एक मधला त्रिकोण, दोन लहान त्रिकोण, एक चौरस आणि एक समांतरभुज चौकोन, ज्याला माझी पोरं "तिरका" म्हणतात. दोन लहान त्रिकोण जोडून चौरसावर, मधल्यावर आणि तिरक्यावर ठेवून बघा, तिन्हींवर नीट बसले पाहिजेत. एक मिलिमीटरचा फरकसुद्धा पुढे त्रास देतो, पुन्हा कापा, आळस करू नका.

उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या एका बाबांनी पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा सेट करून दिलाय, मापाला इतका चोख की बघत राहावं. फक्त पत्र्याचा असेल तर कानशीने सगळ्या कडांचा बर, म्हणजे कापताना उरलेली धार, काढलाय का ते स्वतःचं बोट फिरवून बघा, मगच पोराला द्या.

## तयारी ३: मोजायची भाषा ठरवा

ही गोष्ट आपल्या भागातली आहे. आपलं पोर घरात मराठी, गल्लीत आणि दुकानात कन्नड, शाळेत इंग्लिश असं तिन्हीकडे मोजतं. कन्नडमध्ये २९ म्हणजे इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ, सरळ. इंग्लिशमध्येही ट्वेंटी नाईन. मराठीत मात्र एकोणतीस, तिसाला एक कमी, आणि कानावर "तीस" पडतं म्हणून पोर ३९ लिहून मोकळं होतं. एकवीसमध्ये एक आधी ऐकू येतो म्हणून १२ लिहिणारीही असतात. त्याला मठ्ठ म्हणू नका, तीन भाषांची तीन गणितं ते एकटं जुळवत असतं.

उपाय पझलच्याच तुकड्यांतून करा. जिगसॉचे तुकडे मोजायचे तर दहा-दहाचे ढीग घालायचे. दोन ढीग आणि नऊ सुटे दिसले की विचारा, अजून एक आला तर काय होईल? पोर म्हणेल तिसरा ढीग पुरा. मग "तिसाला एक कमी" त्याला डोळ्यांनी दिसतं. एका बैठकीत एकच भाषा ठेवा, आणि ढीग घालून झाल्यावर मग तोच आकडा उरलेल्या दोन भाषांत म्हणून घ्या. भाषा मध्येच बदलू नका, एवढं पाळलं तरी गोंधळ बराच कमी होतो.

## टप्पा १: नुसतं खेळू द्या (दोन-तीन दिवस)

चित्राचं पुस्तक लपवून ठेवा. सात तुकडे जमिनीवर टाका आणि गप्प बसा. पोर घर करेल, बंदूक करेल, एकावर एक रचेल, काहीही करू दे. दुसऱ्या दिवशी एवढंच सांगा, सारखे सारखे वेगळे कर. कुणी त्रिकोण वेगळे काढेल, कुणी मोठे-छोटे करेल, दोन्ही बरोबर. "असं का केलंस?" एवढं विचारा आणि उत्तर पुरं ऐका.

हा टप्पा बहुतेक घरात होतच नाही, कारण आपल्याला वाटतं वेळ वाया चाललाय. पण तुकड्यांची ओळख हातालाच नसेल तर पुढे पोर प्रत्येक तुकडा प्रत्येक जागी लावून बघत बसतं.

## टप्पा २: दोन तुकडे, मग तीन

दोन लहान त्रिकोण द्या, बाकी डब्यात. विचारा, यातून किती वेगवेगळे आकार होतात, पण कड पूर्ण कडेला चिकटली पाहिजे, अर्धवट नको. तीन होतात: चौरस, मोठा त्रिकोण आणि तिरका. पोराला तिन्ही एकाच दिवशी सापडले नाहीत तर चालेल. मग मधला तुकडा त्यात घाला आणि तिघांचा चौरस करायला सांगा, त्यानंतर तिघांचा त्रिकोण.

"कड कडेला" हा नियम इथे पक्का करा, लांबीची तुलना त्यातूनच सुरू होते. काही दिवसांनी पोर तुकडा ठेवायच्या आधी कडेवर कड धरून बघायला लागलं तर समजा टप्पा झाला.

## टप्पा ३: पूर्ण मापाची चित्रं, आणि हात मागे

आता चित्र द्यायचं, पण पुस्तकातलं बोटभर चित्र नको. त्यात मापही बदलतं आणि आकारही ओळखायचा, दोन अवघड कामं एकदम येतात. तुम्हीच मोठ्या कागदावर तुकडे मांडून बाहेरून पेन्सिल फिरवा. क्रम असा ठेवा: आधी आतल्या रेघांसकट चित्र, मग एक-दोन रेघा पुसलेलं, मग नुसती बाहेरची कड, आणि सगळ्यात शेवटी पुस्तकातलं छोटं चित्र. या क्रमाला माझ्याकडे साधारण तीन ते पाच आठवडे लागतात. घाई केली की पोर अंदाजपंचे तुकडे फेकायला लागतं.

नुसत्या कडेच्या चित्रापाशी आलात की एक नियम लावा, तुकडा ठेवायच्या आधी हात मागे आणि तोंडाने सांगायचं. "मोठा त्रिकोण इथे, टोक खाली." मग ठेवून बघायचं. चुकलं तर चुकलं, परत हात मागे. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात मोलाची दहा सेकंदं ही आहेत, कारण आकार मनात फिरतो तो याच वेळी, तुकडा हातात फिरत असताना नाही.

शब्दही ठरलेले वापरा: सरकव, फिरव, पालट. तिन्ही वेगळे. "असं कर, तसं कर" म्हणून बोट दाखवलं की शब्दही गेला आणि विचारही गेला.

आता त्या तिरक्याची गोष्ट. सातांपैकी सहा तुकडे नुसते फिरवून कुठेही बसतात, पण समांतरभुज चौकोन कधी कधी पालटावा लागतो, म्हणजे पालथा घालावा लागतो, नुसता कितीही फिरवला तरी बसत नाही. तिसरीतली एक मुलगी एकदा वीस मिनिटं तोच तुकडा गोल गोल फिरवत होती, गाल लाल, डोळ्यात पाणी यायचं बाकी, "टीचर, हे बसंनाच झालंय." माझा हात पुढे गेला होता, मागे घेतला. तिने वैतागून तुकडा जमिनीवर टाकला, तो उलटा पडला, तिने बघितलं, उचलून तसाच ठेवला आणि बसला. मग तिने तो चार वेळा काढून पालटून पालटून बसवला. पुठ्ठ्याची मागची बाजू पांढरी असती तर तिने तो "चुकीच्या बाजूने पडला" म्हणून सरळ केला असता. दोन्ही बाजू एका रंगाच्या म्हणते ते यासाठी.

सावधान: तुम्ही तुकडा उचलून ठेवू नका. फारच अडकलं तर एक प्रश्न विचारा: "सगळ्यात मोठा तुकडा कुठे मावेल?" त्यानेही जमलं नाही तर उद्या.

तपासणी: पोर ठेवायच्या आधी बरोबर सांगतंय, निदान निम्म्या वेळा? मगच पुढे.

## टप्पा ४: तुकड्यांना किंमत द्या

इथून आकडे येतात. लहान त्रिकोण एक रुपयाचा. मग मधला कितीचा? पोराने दोन लहान त्यावर ठेवून सांगायचं, दोनचा. चौरस दोनचा, तिरका दोनचा, मोठा त्रिकोण चारचा. सगळे मिळून? ४, ४, २, २, २, १, १, म्हणजे १६. आणि आपण पाडलेल्या चौकटीही सोळाच होत्या, मोठ्या पोरांना हे तुम्ही सांगू नका, त्यांनाच कधीतरी लक्षात येऊ दे.

मग उलटे प्रश्न. सात रुपयांचं घर कर. दहा रुपयांची मांजर कर, पण मोठे त्रिकोण न वापरता. ही दुसरी होतच नाही, कारण बाकीच्यांची बेरीज आठच येते, आणि "होत नाही" हे पोराने कारण देऊन सांगणं हेसुद्धा गणितच आहे.

अपूर्णांकासाठी घरातल्या आज्जीला बोलवा, खरंच. पुरा चौरस म्हणजे जुन्या मापातला एक शेर धरा. दोन मोठे त्रिकोण अच्छेर, एक मोठा पावशेर, मधला अदपाव आणि लहान त्रिकोण छटाक. शेराचे सोळा छटाक, आणि आपल्या चौरसाचेही सोळा लहान त्रिकोण, हिशोब तंतोतंत बसतो. एका पोराची आज्जी घ्यायला आली होती, तिने चष्मा लावून तुकडे हातात घेतले आणि "दोन अदपाव म्हंजे पावशेर, ठेव बघू" म्हणत अर्धा तास बसली. एक अष्टमांश हा शब्द फळ्यावरून त्या नातवाला दोन महिने कळत नव्हता, पण अदपाव म्हणजे पावाचा निम्मा हे त्याने लगेच पकडलं. त्यानंतर १/२, १/४, १/८, १/१६ लिहून घ्यायला मला एक दिवस पुरला.

नेहमीची चूक: लिहिणं आधी आणि तुकडे नंतर. पोराने तुकड्यावर तुकडा ठेवून दाखवल्याशिवाय कागदावर १/८ आणू नका.

## टप्पा ५: दोरा घेऊन परिमिती (तिसरीच्या पुढे)

वडगावात घरोघरी माग, दोऱ्याला तोटा नाही. सातही तुकड्यांचा मूळ चौरस मांडा, कडेने दोरा फिरवा, कापा, मोजा. ६४ सेंमी येईल. आता लांब रेघेवरून चौरसाचे दोन अर्धे वेगळे करा आणि अर्ध्याची आखूड बाजू दुसऱ्या अर्ध्याच्या आखूड बाजूला अशी लावा की एक मोठा त्रिकोण होईल. पुन्हा दोरा. आता साधारण ७७ सेंमी.

आधी विचारून ठेवा, दोरा तेवढाच लागेल का? बहुतेक सगळी पोरं हो म्हणतात, तुकडे तेच आहेत ना. मग दोन दोरे शेजारी धरल्यावर चेहरे बघण्यासारखे असतात. क्षेत्रफळ तेच, परिमिती वेगळी, पाचवी-सहावीत पोरं या दोन शब्दांत जे गोंधळतात त्याचं मूळ इथे मोकळं होतं. दोन-चार मिलिमीटर इकडे तिकडे येणारच, त्यावरून पोराला बोलू नका.

## टप्पा ६: चाली मोजायचं पझल

हनोईचा मनोरा विकत आणायची गरज नाही, लहान-मोठ्या डब्यांची चार झाकणं आणि फरशीवर खडूने तीन गोल एवढं पुरे. सगळी झाकणं एका गोलात, मोठं खाली. एका वेळी एकच उचलायचं, लहानावर मोठं ठेवायचं नाही, सगळी तिसऱ्या गोलात न्यायची.

दोन झाकणांनीच सुरू करा, कमीत कमी ३ चाली. तीन झाकणांना ७, चारला १५. पोराला वहीत आकडे मांडू दे आणि पाच झाकणांना किती लागतील ते आधी लिहायला सांगा. दुप्पट करून एक मिळवायचं हे कुणीतरी शोधतंच, मग ३१ येतं. तुम्ही सूत्र सांगितलंत तर उरतं ते फक्त झाकणं हलवणं. चारपासून सुरुवात करणं ही इथली हमखास चूक, पोर दहाव्या चालीला हरवतं आणि नियम मोडायला लागतं.

## वेळ, वही आणि डबा

रोज पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. पोराला अजून खेळायचंय तेव्हाच थांबा. वहीत रोज एकच ओळ, आज काय केलं त्याचं चित्र आणि खाली त्याचा आकडा, ४ + २ + १ = ७ असं. दोन भावंडं असतील तर दोन सेट कापा, एका सेटवर शर्यत लावू नका, मोठं पोर जिंकतं आणि लहान कायमचं डबा सोडतं.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे जो पाऊस असतो त्यात पुठ्ठा फुगतो आणि कडा उलतात, मग कड कडेला बसत नाही. कापल्यावर दोन्ही बाजूंना पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. झाकण लावायच्या आधी सात तुकडे पोरानेच मोजायचे, त्या दिवशी जी भाषा ठरली असेल त्या भाषेत.